मयताचं पाणी

"बंद म्हणजे बंद असते, ताई! ही जुनी लाइन केव्हाच तोडली, असं आम्हाला सांगितलंय."

"ज्यानं सांगितलं त्याला विचारा मग."

"मी तुम्हाला विचारतेय. चाबी तुमच्या हातात असते."

"हातात आहे म्हणून तर राजपुऱ्याला पाणी मिळून राहिलं, मॅडम. तुमच्या त्या डब्याच्या भरवशावर राहिले असते ना लोक, तर तोंड धुवायला तापीच्या राजघाटावर गेले असते."

"डब्याला नावं नका ठेवू. डबा खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

डबा म्हणजे मीटर. राजपुऱ्याच्या टाकीखाली, मोठ्या पाइपाच्या पोटाला तो गेल्या महिन्यात बांधला होता, आणि बांधणारी होती ही गायत्री. इंदूरची पोर, अंगानं काडी, आवाजानं नगारा. टाकीतून निघालेलं जवळजवळ अर्धं पाणी कोणाच्याच घरी पोचत नव्हतं. ते जातं कुठे, हे शोधायला पाणी खात्यानं बाहेरून इंजिनियरांचं पथक बोलावलं होतं, त्यात ती आली होती.

तिच्यासमोर उभी होती वैजयंती. पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल, आणि खांद्याशी तिच्या उंचीची लोखंडी चाबी. रस्त्याखालच्या चेंबरात ती चाबी घालून सरळ फिरवली की गल्लीला पाणी, उलट फिरवली की बंद. वैजयंतीचं नाव फारसं कोणी घ्यायचं नाही. सगळे म्हणायचे, चाबीवाली.

"बरं, खोटं नाही बोलत," गायत्री जरा खाली आली. "मग हे सांगा. नवी लाइन मी गल्लीगल्लीनं पायी फिरून पाहिली. एक थेंब गळत नाही. आणि रोज दुपारी, सप्लाय संपल्यावर, सगळे झोपलेले असतात तेव्हा डब्यातले आकडे धावतात. पाणी जातंय. भरपूर जातंय. आणि ते नव्या लाइनीतून जात नाही."

वैजयंतीनं चाबी भिंतीला टेकवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मयताचं पाणी आहे ते," ती म्हणाली.

"मतलब?"

"मतलब, गल्लीत कोणी गेलं की त्या घराला पाळीबाहेर पाणी सोडायचं. मेलेल्याला आंघोळ घालायची असते. नेऊन आल्यावर पन्नास माणसं दारात आंघोळीला उभी राहतात. इथं पाणी एक दिवसाआड. त्या दिवशी नळाला पाणी नसलं तर काय करतील? नव्या लाइनीच्या वेळा तुमच्या ऑफिसातून ठरून येतात, तिथं माझ्या मनानं चाबी फिरत नाही. म्हणून जुन्या लाइनीचा एक व्हॉल्व्ह मी चालू ठेवला. मीच. बाकी कोणाचा दोष नाही."

"आणि त्याला मीटर नाही."

"मयताच्या पाण्याला मीटर लावायचं, मॅडम? कोणाच्या नावानं बिल काढायचं?"

पण गायत्री हिशेबाची पोर होती.

"ताई, ते पाइप सडलेत. तुम्ही दहा हंडे सोडले तर दारात चार पोचतात. बाकीचे जमिनीत. टाकी रिकामी होते. मग दुसऱ्या दिवशी चढावरच्या घरांत नळ नुसता फुसफुसतो. त्या बायका रिकामे हंडे घेऊन कोणाशी भांडायला येतात? तुमच्याशीच ना?"

"माझ्याशीच."

"मग?"

"मग काय? शिव्या खाते."

"असं करता येईल," गायत्री म्हणाली. "कोणी गेलं की घरच्यांनी डॉक्टरचा दाखला घेऊन ऑफिसात यायचं. ऑफिसातून पाणी सुटेल."

वैजयंती हसली. पण ते हसणं बरं नव्हतं. "मढं घरात, आणि माणूस दाखला घेऊन तुमच्या खिडकीत. पोरी, तुझ्या घरी कोणी गेलंय का आजवर?"

मॅडमची पोरी झाली होती, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

"परवा वेल्डर येतोय," गायत्री हळू म्हणाली. "मला ती लाइन कापावी लागेल."

"कापा. पण उद्याचा दिवस जाऊ द्या. उद्या मालूकाकूचं तेरावं आहे." आणि इतका वेळ खणखणणारा वैजयंतीचा आवाज एकदम चिरकला. तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं उगाच चाबीचा दांडा पुसला.

गायत्रीला ते पाहवलं नाही. ती म्हणाली, "मी उद्या तुमच्यासोबत येते. मीटरबिटर काही नाही, नुसती येते. खरंच एवढी गरज असेल तर मी वर सांगेन. एक लहानसा नवा फाटा टाकून देऊ, फक्त मयतासाठी, चाबी तुमच्याकडेच. पण मला डोळ्यांनी बघू द्या. नाहीतर मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"या," वैजयंती म्हणाली. "बघा. मग कळेल."

वैजयंतीला हे पाणी कळलं होतं ते स्वतःच्या दारात.

तिचा नवरा प्रभाकर याच खात्यात चाबीवर होता. सगळा राजपुरा त्याच्या हातानं पाणी प्यायचा. वैशाखातल्या एका दुपारी तो चेंबरातून वर आला, छातीला हात लावून ओट्यावर बसला, तो उठलाच नाही. घरात माणसं भरली आणि रांजणात तळाशी तांब्याभर पाणी. पाळी दुसऱ्या दिवशीची. ज्यानं गावाला पाणी पाजलं, त्याला न्हाऊ घालायला घरात पाणी नाही! बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मोरीतला नळ खोकला आणि धो धो वाहू लागला. प्रभाकरच्या जोडीचा म्हातारा वामनमामा कोणाला न विचारता चेंबरवर गेला होता आणि त्यानं चाबी फिरवली होती. वैजयंती तोवर रडली नव्हती. तो नळाचा आवाज ऐकला आणि तिला रडू फुटलं.

पुढे प्रभाकरच्या जागी तिला नोकरी लागली. वामनमामानंच तिला काम शिकवलं. पाय कुठे रोवायचे, व्हॉल्व्ह अडला तर जोर हाताचा नाही, पाठीचा लावायचा, चेंबरात आधी काठी घालायची, मग हात. आणि एक दिवस म्हणाला, "पोरी, मयताचं पाणी मागायला कोणी आलं, तर एकच विचारायचं. कोणतं घर? बस. कोण, कसं, केव्हा, खरंच का, हे विचारायचं नाही. मयताच्या माणसाला प्रश्न करणं हे पाप आहे." तिनं तो शब्द गाठीला बांधला.

बाईच्या हातात चाबी, तीही विधवेच्या, हे गल्लीला सहज पचलं नाही. पहिल्याच वर्षी आखाजी आली. आखाजीला घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. नळाला पाणी आलं तेव्हा कोणीतरी ओट्यावरून बोललं, "अशा हाताचं पाणी पितरांच्या घागरीत घालायचं का वो?" वैजयंती चेंबरापाशी ओणवी होती. तिला ऐकू आलं. हात तसाच राहिला. मालूबाई तेव्हा समोरच्या नळावर होती. ठेंगणी, जाडजूड, आवाजाची फाटकी बाई. तिनं भरलेली घागर उचलली, भर गल्लीत वैजयंतीसमोर आणून ठेवली आणि म्हणाली, "पाणी तापीमाईचं. हात कष्टाचा. वैजू, तूच वर आंब्याचं पान ठेव. माझ्या पितरांना चालतं. ज्यांच्या पितरांना चालत नसेल, त्यांनी तापीवर जाऊन भरावं." त्या दिवसापासून गल्ली गप्प झाली आणि वैजयंतीला राजपुऱ्यात एक माणूस मिळालं. चाबी फिरवून झाली की काकूच्या ओट्यावर चहा, काकूची बडबड, पुतण्याच्या घरात राहावं लागतं म्हणून तिचं रोजचं कुरकुरणं. "खोली नाही गं मला. जिन्याखाली झोपते. मांजरीगत."

म्हणून बारा दिवसांमागच्या त्या सकाळी काकूचा पुतण्या ललित डोक्यावर टॉवेल टाकून टाकीपाशी आला आणि म्हणाला, "ताई, काकू गेली. फोपनारला लेकीकडे होती. तिकडेच केलं सगळं. आता माणसं इकडे येऊन राहिली," तेव्हा वैजयंतीच्या हातातली चाबी खाली पडली. पण तिनं प्रश्न केला नाही. घर तर विचारायचंही काम नव्हतं. तिनं चाबी उचलली आणि चेंबराकडे धावली.

एरवी पहिला दिवस, दहावा आणि तेरावा, एवढेच दिवस ती पाणी सोडायची. काकूसाठी तिनं रोज सोडलं. रोज दुपारी व्हॉल्व्ह उघडायचा आणि पाणी सुटलं की चेंबराच्या कडेला बसून राहायचं. काकूच्या घरी जायला पाय उचलत नव्हता. तो ओटा काकूशिवाय कसा पाहायचा? ती स्वतःशी म्हणायची, तेराव्याला जाईन. आणि खालून पाणी वाहताना जमीन हलकी थरथरायची, तेवढी तिला सोबत वाटायची.

गायत्रीच्या डब्यात जे आकडे धावत होते, ते हे होते.

तेराव्याला वैजयंतीनं आधीच व्हॉल्व्ह उघडून ठेवला, मग दोघी निघाल्या. वैजयंती पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांचं लुगडं नेसली होती. गायत्रीनं डोक्यावरून ओढणी घेतली होती आणि खरंच रिकाम्या हातानं आली होती. वेशीपाशी वैजयंतीनं हार घेतला. फुलवाला झेंडूचा देत होता, तिनं मोगऱ्याचा मागितला.

"काकूला मोगरा आवडायचा," ती म्हणाली. "फोटो लावला असेल त्यांनी. ललितकडे चांगला फोटो आहे तिचा, लग्नातला."

गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालू होता. गायत्रीची नजर सवयीनं जमिनीवर. एके ठिकाणी ती थांबली. "ताई, आज तर पाण्याची पाळी नाही. इथं ओल कशी?"

"तेरावं आहे, बाई. भांडी घासली असतील."

ललितच्या घरातून तळणाचा वास येत होता. तेराव्याचं गोडाचं जेवण म्हणून वैजयंतीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओट्यावर एक बाई पाठमोरी बसून केळीच्या फण्या सोडवत होती. तीच रुंद पाठ, तोच मानेवरचा सुपारीएवढा अंबाडा. फोपनारची लेक! थेट आईवर गेली आहे. ती ओट्यावर चढली, मागूनच तिच्या गळ्यात पडली, आणि इतके दिवस कोंडलेला हंबरडा फुटला.

"माय वो! कशा गेल्या गं काकू! मला एक शब्द बोलल्या नाहीत गं! आता माझ्या हातात चहा कोण देईल गं माय..."

"अगं सोड! सोड वैजू, दम घुटून राहिला माझा!"

वैजयंतीचे हात सुटले. बाई वळली. तिच्या तोंडात अर्धं केळं होतं.

मालूकाकू.

कोणाच्या काळजाचा ठोका चुकतो म्हणतात, वैजयंतीचं काळीज तर आहे तिथं बसूनच राहिलं. तिला आधी वाटलं आपणच गेलो. मग वाटलं भूत. मग तिनं पाय पाहिले. पाय सरळ होते, टाचांना भेगा होत्या, एका अंगठ्याला फोपनारची काळी माती लागलेली होती.

"तुम्ही..." तिला जीभ सापडेना. "तुम्ही गेल्या होत्या ना?"

"गेलते ना. फोपनारला. आत्ता सकाळच्या गाडीनं आले." काकूनं केळं गिळलं. मग तिची नजर वैजयंतीच्या लुगड्यावर गेली, हातातल्या हारावर गेली, मागं उभ्या असलेल्या अनोळखी पोरीवर गेली. तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं मान वळवून घरात हाक मारली. "निशा! अगं निशा! आज कितवा दिवस?"

आतून ललितची बायको निशा झाऱ्यासकट बाहेर आली आणि दारातच खिळली. "काकू, तुम्हाला म्हटलं होतं ना, तेरावं झाल्यावर या! आज तेरावं आहे!"

"मी तर काल धरलं होतं गं. झालं म्हणून तर आले."

"स्वतःचं तेरावं मोजता येत नाही तुम्हाला?"

"मला काय माहीत तुम्ही पहिला दिवस कुठून धरला!"

दोघी सासू-सुनेसारख्या भांडू लागल्या, आणि वैजयंती मधे उभी. ऐकत होती. शब्द कानावर पडत होते, पण आत जायला वेळ लागत होता. म्हणजे निशाला माहीत होतं. ललितला माहीत होतं. आणि काकूला...

"काकू," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

काकूनं केळीची फणी पुन्हा हातात घेतली.

वरून पाणी ठिबकलं. गायत्रीच्या खांद्यावर. तिनं वर पाहिलं. ललितच्या घरावर नवा स्लॅब टाकलेला होता. कडेनं सिमेंटची पाळ करून वर तळं उभं केलं होतं. ऊन त्यात चमकत होतं आणि कबुतरं पंख फडफडवत आंघोळ करत होती. पाळीवर ललित उभा होता, बनियनवर, हातात जाड पाइप. खालचा आवाज ऐकून तो वाकला, त्याला वैजयंती दिसली, आणि पाइप हातातच वाहत राहिला.

"तराई," गायत्री स्वतःशी म्हणाली. "स्लॅबला दोन आठवडे पाणी उभं ठेवावं लागतं. नाहीतर तडे जातात." तिनं वैजयंतीकडे पाहिलं नाही. तिच्यानं पाहवलं नाही.

"ललित!" वैजयंती ओरडली. "खाली ये!"

"ताई, ऐका तर..."

"डोक्यावर टॉवेल टाकून आला होतास तू! माझ्यासमोर डोळे पुसलेस!"

"टँकर परवडत नाही ताई. नव्या नळाला मीटर. त्यात स्लॅब तडकला असता तर सगळं गेलं असतं. मी काय चोरी केली? पाणी तर तुम्हीच सोडलं."

"मी सोडलं?"

"त्याला नको बोलू," काकू म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. "त्याची नाही, माझी अक्कल ती. तो बापाचं नाव लावणार होता. मी म्हटलं, त्याचं नको, तो धडधाकट आहे, कोणाला पटणार नाही. माझं लाव. म्हातारीचं काय, केव्हाही पटतं."

"काकू!"

"अगं, मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. सगळं जग म्हणतं. मी म्हटलं, स्लॅबही होईल आणि चार वर्षं वाढतील. वर ललितनं मला खोली कबूल केली आहे. खिडकीची. जन्मात पहिल्यांदा माझी म्हणून खोली, वैजू! जिन्याखाली किती दिवस झोपू?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस?"

नसतं सोडलं, हे वैजयंतीला ठाऊक होतं.

"आणि तू तरी कुठे विचारलंस?" काकू आता जरा चढली. चुकलेला माणूस चढतो तशी. "एका शब्दानं विचारलं असतंस, कशानं गेली, कधी गेली, कोण होतं जवळ, तर हा बावळट तिथंच अडकला असता. याला खोटं बोलता येतं का? तू विचारतच नाहीस गं कोणाला. सगळ्या गल्लीला माहीत आहे, चाबीवाली विचारत नाही."

सगळ्या गल्लीला. वैजयंतीनं आजूबाजूला पाहिलं. दारादारांत बायका जमल्या होत्या. कोणाच्या कडेवर कळशी, कोणाच्या हातात बादली. ललितच्या ओट्याखालच्या जुन्या नळाला रबरी नळी लावलेली होती आणि ती शेजारच्या घरात, तिथून पलीकडच्या घरात गेली होती. इतक्या दिवसांत काकूच्या मरणावर अख्ख्या गल्लीनं ड्रम भरले होते. दुपारी ती चेंबरापाशी बसून डोळे पुसत होती, तेव्हा इथं धुणी चालली होती.

कोणीतरी खुदकन हसलं. हसणं पसरलं असतं. पण वैजयंतीचा चेहरा पाहून ते तिथंच विझलं.

"धर्मेंद्रचा बाप?" ती म्हणाली.

कोणाला कळेना.

"धर्मेंद्रचा बाप गेला म्हणून पावसाळ्याआधी पाणी नेलं तुम्ही. मी सोडलं. तो?"

एक बाई दुसरीच्या मागं सरकली. "ते... सुरतेला असतात आता. मोठ्या मुलाकडे."

"भागाबाई?"

"नाही नाही, ताई. भागाबाई खरी. शपथ."

"आणि वरच्या घरातली ती बाळंतीण?"

"खरी वो. देवाची शपथ, ती खरी."

वैजयंती एकेकीकडे वळून विचारत होती. जे विचारायचं नाही म्हणून शिकली होती, ते सगळं एका दमात बाहेर पडत होतं. तिला थांबता येईना. आपण कोणासाठी रडलो आणि कोणासाठी उगाच रडलो, हे आज तिला एका जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं. गायत्रीनं तिच्या दंडाला हात लावला. "ताई, बस झालं." तिनं तो झटकला. पुढच्या दारात वंदना उभी होती. ती हसणाऱ्यांत नव्हती, बोलणाऱ्यांतही नव्हती.

"आणि तुझा तुषार?"

शब्द गेला. वैजयंतीला तो जाताना दिसला, आणि परत घेता आला नाही.

तुषार वंदनाचा एकुलता एक. कॉलेजात होता. तापानं फणफणला, इस्पितळातून परत आला तो चादरीत. वैजयंतीला माहीत होतं. तिनं नंतर वंदनाला बाजारात पाहिलं होतं, वाळून काटक्या झालेली. माहीत असून तिनं विचारलं होतं.

स्लॅबवरचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

वंदनानं कडेवरची कळशी खाली ठेवली. ओरडली नाही, रडलीही नाही.

"दाखला आणू का, ताई?" ती म्हणाली. "आत ट्रंकेत आहे."

"वंदना, मी..."

"नाही, विचारा ना. बरं झालं विचारलं. तो गेला त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं, तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्या मोठ्या गावात एक माणूस तरी आहे ज्याला काही सांगावं लागलं नाही." तिनं काकूकडे पाहिलं, ललितच्या पाइपाकडे पाहिलं. "या लोकांनी ते पण विकून खाल्लं. आता माझं पोरगं पण यांच्या यादीत जाऊन बसलं. खरं की खोटं."

ती घरात गेली. दार लावलं नाही. आतला फोटो तिथून दिसत होता. वैजयंतीनं तिकडे पाहिलं नाही.

काकूचा चढलेला आवाज आता कुठे राहिला नव्हता. ती ओट्यावर बसली, मग पुन्हा उठली. तिनं वैजयंतीच्या हातातला हार हळूच काढून घेतला, नाकाशी धरला. "मोगरा आणलास," ती म्हणाली. "माझ्यासाठी मोगरा आणलास गं." आणि तिचे डोळे भरून आले. "वैजू, शिव्या दे. थोबाडीत मार. अशी बघू नको."

ललित वरून म्हणाला, "ताई, मी आत्ता काढतो पाइप. सगळं पाणी सोडून देतो."

"आता सोडून कुठे देणार?" गायत्री पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "गटारात? राहू दे तिथंच. निदान तुझा स्लॅब तरी होऊ दे. चढावरच्या बायकांना सांगते मी, तुमचं पाणी इथं कबुतरं पिऊन राहिली."

मग ती वैजयंतीच्या जवळ आली. रागानं गरम झालेला तिचा आवाज लगेच खाली उतरला, जणू आजारी माणसाशी बोलत होती. "ताई, हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. पण नव्या फाट्याचं मी बोलले होते, ते अजून बोलू शकते. फक्त तुम्ही सांगा. ठेवायचं की नाही? उद्या वेल्डरला मी काय सांगू?"

वैजयंती जमिनीकडे बघत होती. ओल पसरत तिच्या चपलेपर्यंत आली होती. तिच्या मनात वामनमामा नव्हता, प्रभाकर नव्हता. फक्त वंदनाचं ते बोलणं होतं, काही सांगावं लागलं नाही असं एक माणूस, आणि तेही विकून खाल्लेलं, आणि त्यात दोन्ही उत्तरं होती.

"काप म्हण तिला," काकू एकदम म्हणाली. "कापू दे. आम्ही त्याच लायकीचे." मग दोन पावलं पुढे आली, वैजयंतीचा पदर धरला, आणि लहान मुलीनं विचारावं तसं हळू विचारलं, "पण वैजू... मी खरंच जाईन तेव्हा? तेव्हा कोणी सांगायला आलं तर तू मानशील ना गं? सोडशील ना मला पाणी?"

सगळी गल्ली ऐकत होती.

वैजयंतीनं काकूच्या मुठीतून पदर सोडवून घेतला, झटका न देता, एकेक बोट उकलून. ओट्यावरून खाली उतरली. बायकांनी वाट दिली. आणि कोणाकडेही न बघता ती गल्लीतून बाहेर निघून गेली.